चव्वेचाळीस अक्षरांची किल्ली

घराला दार कशासाठी असते, असे कोणी विचारले तर शंभरांतले नव्व्याण्णव लोक उत्तर देतील, 'बंद करण्यासाठी!' ब्लॉकमध्ये राहणाऱ्या आम्हां शहरी माणसांचे तर विचारूच नका. आधी लाकडी दार, त्यापुढे लोखंडी जाळीचे दार, त्याला साखळी, साखळीला कुलूप आणि मधोमध बाहेरच्या माणसाला न्याहाळण्यासाठी काचेचा डोळा! एवढा बंदोबस्त करून आत आपण सांभाळतो काय, तर एक सोफा, एक टीव्ही आणि महिन्याची रद्दी. पण दार नुसते बंदच ठेवायचे असते तर भिंत काय वाईट होती? कोणासाठी उघडायचे आणि कोणासाठी नाही, याचा निवाडा आपल्या हाती राहावा म्हणून माणसाने भिंतीला दार पाडले.

हे तत्त्वज्ञान मला सुचले ते आमच्या डोंबिवलीच्या घरातल्या संगणकाला दार बसवताना. म्हणजे असे, की आम्ही घराबाहेर कुठेही असलो, तरी तिथून या संगणकापर्यंत सुखरूप पोचता यावे अशी एक वाट मला करून हवी होती. या वाटेला व्हीपीएन म्हणतात. हे नाव तुम्ही जाहिरातींत वाचले असेल. पण जाहिरातींतले व्हीपीएन म्हणजे दुसऱ्याच्या वाड्यातली भाड्याची वाट. आपण आपल्या घरातून निघायचे, त्या कंपनीच्या वाड्यात शिरायचे आणि तिच्या दारातून जगात बाहेर पडायचे. मी सांगतो आहे ती वाट उलट्या दिशेची. जगातून निघायचे आणि आपल्याच घरात यायचे. मधल्या रस्त्यावर कोणी कितीही डोकावले तरी त्याला आत काय चालले आहे ते दिसत नाही, आणि ज्याच्यापाशी किल्ली नाही त्याला दार सापडतच नाही.

आता तुम्ही विचाराल, की पेन्शनीत निघालेल्या एका हिशेबनिसाच्या संगणकात असे आहे तरी काय? रास्त प्रश्न आहे. त्यात आमची आई आहे.

आई अखेरची चार वर्षे आमच्याकडे होती. २०१७ पासून सौ.ने आपल्या फोनवर तिचे बोलणे टिपून ठेवायला सुरुवात केली. प्रथम हेतू अगदी व्यावहारिक होता. आईच्या हातचे अनारसे कोणालाच जमत नसत, आणि कृती विचारली की ती म्हणे, "अगं, अंदाजानं घालायचं!" हा अंदाज पकडण्यासाठी सौ.ने फोन ओट्यावर ठेवला आणि आईला बोलते केले. अनाऱ्यांवरून ती लोणच्यावर गेली, लोणच्यावरून साताऱ्याच्या घरातल्या माळ्यावर, माळ्यावरून माझ्या आजोबांच्या रागावर. अंगाया झाल्या, जात्यावरच्या ओव्या झाल्या, आणि आमच्या कुळातल्या कोणी कोणाशी का बोलणे टाकले, याचा साद्यंत इतिहासही झाला. २०२१ च्या जानेवारीत ती गेली, तेव्हा अशी त्रेसष्ट ध्वनिमुद्रणे जमली होती. पुढे मी जुन्या फोटोंचे गठ्ठे सोडवले, एकेक फोटो यंत्राखाली धरून त्याची प्रत संगणकात घातली. वडिलांची रोजखर्चाची वही पानापानाने घातली. या सगळ्याला मी 'आई' असे एकच नाव देऊन ठेवले.

हा झाला ठेवा. आता वारस. आम्ही दोघे भाऊ. धाकटा नागपुरास असतो. साताऱ्याचे घर २०१९ साली विकले गेले, आणि त्या व्यवहारात आमचे बोलणे थांबले. ते रामायण मी येथे सांगत बसत नाही. तुमच्यापैकी बहुतेकांच्या घरी त्याची एखादी आवृत्ती असेलच. आईच्या वेळी तो आला, तेराव्यापर्यंत राहिला, माझ्या पंक्तीला बसून जेवला आणि गाडीला वेळ आहे म्हणून तासभर आधीच स्टेशनवर गेला. जावाजावांचे फोन मात्र कधी बंद पडले नाहीत. आमच्या घराण्यात पुरुषांनी अबोला धरायचा आणि बायकांनी तो चालवून घ्यायचा, अशी जुनी वहिवाट आहे.

संगणकाला दार हवे, ही मागणी आली ती मात्र बंगळूरहून. कन्येला दिवस गेले होते, बाळंतपणासाठी सौ. तीन महिने तिकडे जाणार होती, आणि कन्येची इच्छा अशी, की बाळाला पणजीच्या अंगाया ऐकवायच्या. "बाबा, सगळं क्लाउडवर टाका ना," ती म्हणाली. क्लाउड म्हणजे ढग. दुसऱ्याच्या गोदामात आपले सामान ठेवण्याच्या व्यवस्थेला इतके काव्यमय नाव ज्याने दिले, त्याची कमाल आहे! गोदाम वाईट असते असे माझे मुळीच म्हणणे नाही. पण गोदामाचे नियम मालक ठरवतो. फोटो हवे तितके फुकट ठेवण्याची गूगलची सोय १ जून २०२१ पासून बंद झाली, आणि १५ जीबीपुढे जागेचे पैसे पडू लागले. यात त्यांचे काही चुकले नाही, जागा त्यांची. म्हणूनच आईला आपल्या जागेत ठेवावे, असे मला वाटले.

सौ.चा एक भाचा ठाण्याला संगणकाच्याच नोकरीत आहे. रविवारी त्याला जेवायला बोलावले. हल्लीच्या तरुण माणसाला कामाला लावायचे तर पुरणपोळीवाचून गत्यंतर नाही. आमचे यंत्र तसे वयस्कर. विंडोज १० ला मिळणारी सुरक्षेची डागडुजी १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली, आणि अकरा नंबरचे ओझे या यंत्राला झेपणारे नव्हते. तेव्हा भाच्याने त्यात लिनक्स घातले. पैसे पडत नाहीत आणि जुन्या यंत्रावर सुखाने चालते, हे दोन गुण हिशेबनिसाला पुरेसे होते.

माझ्याकडे विंडोजवरचे एक जुने जाडजूड पुस्तक आहे. 'बाहेरून येणारी जोडणी स्वीकारा' अशी सोय विंडोजमध्ये पूर्वीपासून आहे, असे मी त्यात वाचले होते. मी भाच्याला ते पान दाखवले. तो म्हणाला, "काका, ही पीपीटीपी नावाची १९९०च्या दशकातली पद्धत. २०१२ साली अमेरिकेत डेफ कॉन म्हणून परिषद भरली होती. तिथे मॉक्सी मार्लिनस्पाइक आणि डेव्हिड हल्टन या दोघांनी दाखवून दिलं, की तिचं कुलूप एका दिवसाच्या आत फोडता येतं. ते दार बसवण्यापेक्षा पडदा लावलेला बरा."

त्याने निवडले ते 'वायरगार्ड'. जेसन डोनेनफेल्ड नावाच्या गृहस्थाने ते लिहिले, आणि मार्च २०२० मध्ये लिनक्सच्या गाभ्यातच त्याला जागा मिळाली. त्याची सगळी संहिता सुमारे ४००० ओळींची आहे म्हणतात. कुलूप जितके साधे तितके तपासायला सोपे, हे कोणीही लोहार सांगेल.

या कुलपाचा एक स्वभाव मला फार आवडला. अनोळखी माणसाने ठोठावले तर ते 'कोण आहे?' असे विचारत नाही, की 'जा' असे म्हणत नाही. ते गप्प बसते. दुपारच्या वेळी दारावर थाप पडली की आई अशीच गप्प बसे. ओळखीचा आवाज आला तरच तिची पावले वाजत. नाही तर घरात कोणी आहे असा संशयसुद्धा बाहेरच्याला येत नसे. इंटरनेटच्या रस्त्यावर रात्रंदिवस दारे चाचपत फिरणारी यंत्रे असतात. ज्या दारातून हाकेला उत्तरच येत नाही, तिथे ती पुढच्या घराकडे वळतात.

दार निवडले, पण ते बसवायचे कुठे, याचाच पेच पडला. बाहेरच्या माणसाने आमच्या घरी यायचे तर घराला पत्ता हवा. इंटरनेटच्या जुन्या पद्धतीचे पत्ते एकंदर ४,२९,४९,६७,२९६ एवढेच आहेत. आकडा डोळे दिपवणारा असला तरी जगाची लोकसंख्या त्याहून मोठी. शिलकीतले शेवटचे गठ्ठे ३ फेब्रुवारी २०११ रोजी जगातल्या विभागीय संस्थांना वाटून झाले. तेव्हापासून इंटरनेट पुरवणाऱ्या बऱ्याच कंपन्या अनेक घरांना मिळून एकच पत्ता देतात. चाळीचेच उदाहरण घ्या. खोलीतला माणूस बाहेर जातो, भाजी आणतो, परत आपल्या खोलीत येतो. काही अडत नाही. परंतु बाहेरचा पाहुणा नुसता चाळीचा पत्ता घेऊन आला, तर चाळीच्या दारात उभा राहून तो कोणाच्या नावाने हाक मारणार?

आपण चाळीत आहोत की स्वतंत्र बंगलीत, हे ओळखण्याची खूण भाच्याने सांगितली, ती तुमच्याही उपयोगी पडेल. राउटरच्या पानावर बाहेरच्या बाजूचा पत्ता लिहिलेला असतो. त्याची सुरुवात १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतच्या कोणत्याही आकड्यांनी होत असली, तर समजावे की आपण चाळीत आहोत. आम्ही चाळीतच निघालो. कंपनीला फोन करून, वर्षाकाठी थोडे जास्त पैसे भरून कायमचा स्वतंत्र पत्ता मागून घेतला. कायमचा नको असेल आणि पत्ता अधूनमधून बदलणारा असेल, तर बदलत्या पत्त्याला एक न बदलणारे नाव देणाऱ्या सेवा आहेत. मुक्काम बदलला तरी पाटी तीच, असा प्रकार. परंतु चाळीतल्या माणसाला पाटीचाही उपयोग नाही. त्याला आधी पत्ताच हवा.

पुढची कामे भाच्याने तासाभरात उरकली. राउटर हा घराचा दरवान. ५१८२० या क्रमांकाच्या खिडकीवर जो येईल त्याला थेट संगणकाकडे पाठव, असे दरवानाला सांगून ठेवले. बाकी सर्व खिडक्या बंदच. वीज जाऊन परत आली की यंत्राने आपण होऊन जागे व्हावे, आणि कोणी वापरीत नाही म्हणून झोपी जाऊ नये, अशी तजवीज केली. राउटर इन्व्हर्टरवर घेतला.

आणखी एक गोष्ट त्याने केली, तिचे मर्म मला मागाहून कळले. घराच्या आत प्रत्येक यंत्राला क्रमांक असतो, आणि घरोघरच्या राउटरांत तो बहुधा १९२.१६८.१ किंवा १९२.१६८.० असाच सुरू होतो. आपल्या घरात आणि ज्या घरी आपण पाहुणे म्हणून गेलो तिथे दोन्हीकडे एकच क्रमांक असले, तर पाहुण्याच्या फोनला कळत नाही, की हाक इथल्या खोलीला मारायची की तिथल्या. म्हणून त्याने आमच्या घरातले क्रमांक बदलून सहसा कोणाकडे नसतील असे करून टाकले. लग्न होऊन आलेल्या मुलीचे नाव सासरी आधीच कोणाचे तरी असले तर पूर्वी तिचे नाव बदलीत. त्यातलाच हा प्रकार. फक्त येथे नाव बदलले ते सासरचे!

मग किल्ल्या. या पद्धतीत प्रत्येक यंत्र आपल्यापुरती किल्ल्यांची एक जोडी तयार करते. एक खासगी, ती त्या यंत्राच्या पोटातून कधी बाहेर काढायची नाही. दुसरी जाहीर, ती चौकात उभे राहून मोठ्याने वाचली तरी बिघडत नाही. कारण जाहीर किल्लीवरून माणसाची ओळख पटते, पण तिच्यावरून खासगी किल्ली घडवता येत नाही. आमच्या संगणकाने सौ.च्या फोनची जाहीर किल्ली आपल्या वहीत लिहून घ्यायची, आणि तिच्या फोनने आमच्या संगणकाची. दोघांनी एकमेकांना ओळखले तरच वाट उघडते. एकतर्फी ओळख चालत नाही. आणखी मौज अशी, की वायरगार्डच्या भाषेत यजमान आणि पाहुणा असा भेदच नाही. दोन्ही टोकांना एकच शब्द आहे, त्याचा अर्थ बरोबरीचा.

परीक्षा घरात बसून घेता येत नाही, कारण घरातला माणूस मुळी बाहेरून आलेलाच नसतो. म्हणून सौ. पिशवी घेऊन फडके रोडवर गेली. तिथे तिने वायफाय बंद आहे ना हे पाहिले, फोन कानाला लावला, आणि गणपतीच्या देवळापाशी उभी राहून तिने आईची अनारशांची कृती पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकली. परत आली ती तांदूळ घेऊन. "नीट ऐकू आलं का?" मी विचारले. "आलं," ती म्हणाली आणि तांदूळ भिजत घालायला आत गेली. थोड्या वेळाने आतून आवाज आला, "अहो, आईंचा आवाज रस्त्यात ऐकायची सवय नाही हो!"

बंगळूरची सोय झाली. सौ.ची एक किल्ली, कन्येची एक, आणि डागडुजीसाठी भाच्याची एक. माझ्या दृष्टीने काम संपले होते. बंगळूरला जाण्याच्या आदल्या रात्री पेटी भरता भरता सौ. म्हणाली, "नागपूरच्या भावजींना एक किल्ली द्या."

मी म्हणालो, "त्याला सगळ्याची प्रत करून पाठवू. एक पेनड्राइव्ह घेतो, कुरिअरनं धाडतो. चार दिवसांत त्याच्या हातात पडेल."

सौ.ने साडीची घडी मांडीवर ठेवली आणि माझ्याकडे पाहिले. "कुरिअरनं पाठवतात ना, त्याला वाटणी म्हणतात. ती एकदा झाली आहे."

हिशेबनीस मनुष्य चटकन उत्तर देत नाही. तो आधी दोन्ही बाजू मांडतो. रात्री अंथरुणावर पडून मी त्या मांडल्या. प्रत दिली की व्यवहार पुरा होतो. घेणारा सही करतो, देणारा मोकळा होतो, आणि पुन्हा दोघांना एकमेकांचे तोंड पाहण्याचे कारण उरत नाही. उद्या मला आणखी एखादा फोटो सापडला, तर तो माझ्या प्रतीत जाईल, त्याच्या प्रतीत नाही. त्याच्याकडे काही सापडले तर मला त्याचा पत्ताही लागणार नाही. वर्षभराने दोन 'आई' होतील, एक डोंबिवलीची आणि एक नागपूरची, आणि त्या हळूहळू एकमेकींहून निराळ्या होत जातील. किल्लीचे तसे नाही. किल्ली दिली की वस्तू एकच राहते आणि माणसे येत-जात राहतात. म्हणून किल्ली देणे अवघड. प्रत एकदाच द्यावी लागते. किल्ली दिली की ती न काढून घेऊन आपण रोज नव्याने देत असतो.

आणि दिलेली किल्ली काढून घेणे तर अगदी सोपे आहे, हे भाच्याने मला दाखवून ठेवले होते. वहीत प्रत्येकाची एक नोंद. कोणाचा फोन हरवला तर तेवढीच नोंद खोडायची. बाकीच्यांना नवी किल्ली करावी लागत नाही. जुन्या वाड्यात एक किल्ली हरवली की सगळे कुलूप बदलावे लागे, म्हणून माणसे किल्ल्या कनवटीला लावून हिंडत. काढून घेणे इतके सोपे असल्यावर देण्याची भीती निम्मी कमी होते. बाकीची निम्मी आपली आपण सोसायची.

सकाळी मी सौ.ला म्हणालो, "जाऊबाईंना कळव. पण त्याच्या फोनची जाहीर किल्ली त्यानंच पाठवायला हवी. ती मला इथे बसून करता येत नाही." खासगी किल्लीही येथेच तयार करून पाठवता आली असती, नाही असे नाही, पण मग ती त्याची एकट्याची राहिली नसती. दुसऱ्याने घडवून दिलेल्या किल्लीला पाहुण्याची किल्ली म्हणतात.

आणखी एक गोष्ट ठरवायची होती. दारातून आत आल्यावरही ठेव्याला दुसरे कुलूप असते. त्याने नुसते पाहावे आणि ऐकावे, की त्याला त्यात लिहिता, घालता, बदलताही यावे? भाच्याने फोनवर हा प्रश्न मला विचारला, तेव्हा सौ. बंगळूरला पोचली होती, तिला विचारले. ती म्हणाली, "नुसतं बघायला संग्रहालयात जातात." मग मी ठेव्याची एक संपूर्ण प्रत वेगळ्या डिस्कवर काढली आणि ती कपाटात ठेवली. ही वाटणी नव्हे, ही खबरदारी. कोणताही ठेवा एकाच यंत्रात ठेवू नये, मग भावाभावांत कितीही प्रेम असो. त्यानंतर भाच्याला सांगितले, त्याला लिहायचा अधिकारही दे.

बारा दिवस काही आले नाही. तेराव्या दिवशी रात्री साडेदहाला माझ्या फोनवर धाकट्याच्या क्रमांकावरून संदेश आला. इतक्या वर्षांतला पहिला. त्यात 'दादा' नाही, 'नमस्कार' नाही, 'कसे आहात' नाही. एका ओळीत रोमन लिपीतली अक्षरे, आकडे आणि चिन्हे, कशाचाच कशाला मेळ नाही अशी. मी मोजली; चव्वेचाळीस भरली. शेवटी बरोबरीचे चिन्ह होते.

भाच्याने मागाहून सांगितले, की या जातीच्या प्रत्येक किल्लीच्या शेवटी ते चिन्ह असतेच. त्यात विशेष काही नाही. मी म्हणालो, "असेल." परंतु ज्या दोन भावांच्यात कोणाच्या वाट्याला किती आले एवढ्याच हिशेबाची चर्चा शेवटची झाली होती, त्यांतल्या एकाने दुसऱ्याला बरोबरीचे चिन्ह पाठवावे, हे वाचायला बरे वाटले, एवढे खरे.

मी ती ओळ वहीत उतरवली, आणि आमच्या संगणकाची चव्वेचाळीस अक्षरे त्याला पाठवली. मीही वर काही लिहिले नाही. मग पडद्यापुढे बसून राहिलो. या यंत्रणेत एक आज्ञा दिली की कोणकोण जोडलेले आहेत त्याची यादी येते, आणि प्रत्येकाच्या नावापुढे एक ओळ असते. इंग्रजी शब्द आहे त्याचा सरळ मराठी अर्थ होतो : 'शेवटचे हस्तांदोलन'. दोन यंत्रांनी एकमेकांची ओळख पटवून घेतली, त्याला इतके किती सेकंद झाले, ते तिथे लिहून येते. धाकट्याच्या नोंदीपुढे प्रथम काहीच नव्हते. अकराला पाच कमी असताना ओळ उमटली : शेवटचे हस्तांदोलन, नऊ सेकंदांपूर्वी.

त्या रात्री किती मजकूर इकडून तिकडे गेला, हेही ते यंत्र लिहून ठेवते. एकापर्यंत मी जागा होतो. आकडा वाढतच होता. काय ऐकतो आहे ते मी पाहिले नाही. पाहता आले असते. पण आपण किल्ली दिलेल्या माणसाच्या मागे दिवा घेऊन फिरू नये.

यानंतर काय झाले असे विचाराल, तर नाटकात होते तसे काही झाले नाही. आठवडाभराने फोटोंच्या यादीत एका फोटोचे नाव बदललेले दिसले. मी त्याला 'आई आणि आत्या, साताऱ्याचे अंगण' असे नाव दिले होते. त्याजागी आता 'आई आणि मावशी (आत्या नव्हे), अंगण नव्हे गच्ची' असे होते. मी चष्मा पुसून फोटो पाहिला. आत्याच होती. मी नाव बदलून लिहिले, 'आत्याच. नथ पाहावी'. दुसऱ्या दिवशी उत्तर आले, 'नथ मावशीने उसनी घेतली होती. ध्वनिमुद्रण एकेचाळीस ऐकावे'. मी एकेचाळीस नंबर लावले. बाराव्या मिनिटाला आई सांगत होती, नथ कोणी कोणाला दिली ते. धाकट्याने सगळी त्रेसष्ट ऐकली होती. फोटोंच्या नावांतून चाललेला हा वाद महिनाभर पुरला, आणि त्यात आम्ही उभयतांनी बावीस नातलगांची ओळख पक्की केली.

आणि मग एके दिवशी ठेव्यात काहीतरी नवे आले. सत्तावीस पत्रे. धाकटा पहिल्या नोकरीला नागपूरला गेला, तेव्हा आईने त्याला लिहिलेली. पोस्टाच्या निळ्या अंतर्देशीय पत्रांवर, चारही बाजूंच्या कोऱ्या जागेत वळवून वळवून भरलेले तिचे ते अक्षर! ही पत्रे जगात आहेत, हेच मला ठाऊक नव्हते. पेनड्राइव्ह पाठवला असता तर ती मला कधी दिसली नसती. कारण कुरिअर एकाच दिशेने जातो.

एका पत्रात तिने एक वाक्य अर्धेच लिहिले होते, आणि पुढचे मुडपलेल्या कडेखाली गेले होते. ते मला वाचता येईना. मी पत्राचे नाव बदलून 'पाचवी ओळ काय आहे?' असे लिहिणार होतो. मग मनात म्हटले, आकडे आणि अक्षरे पुष्कळ झाली. मी फोन लावला.

चार वेळा घंटी वाजली. "बोल दादा," तो म्हणाला. "पाचवी ओळ ना? मलासुद्धा लागत नाही. मूळ कागद उजेडात धरून बघतो. थांब हं, ठेवू नकोस."

आता दिवाळी येईल. सौ. कृती ऐकून अनारसे करील, आणि जाऊबाई नागपुरात तीच कृती त्याच आवाजात ऐकून करतील. बंगळूरची नात तोपर्यंत रांगू लागलेली असेल. तिच्या नावाची नोंद अजून वहीत नाही. पण भाच्याने सांगून ठेवले आहे, की जागा भरपूर आहे.